काटा हो म्हणेपर्यंत

बप्पा मशीनशी बोलायचे. प्रेमानं वगैरे नाही, चक्क भांडायचे. मी साखर कारखान्यात बप्पांच्या हाताखाली रुजू झाले त्या सकाळी सर्व्हरच्या खोलीबाहेर उभी होते आणि आतून आवाज येत होता, "काय बे, कावून रुसलास? काल तर बरा व्हतास की! माज्याम्होरं नाटकं करायची न्हाईत, सांगून ठेवतो." मला वाटलं, आत कुणाची तरी खरडपट्टी चाललीये. दार ढकलून पाहिलं तर आत एकच माणूस. पांढरा शर्ट, पांढरी विजार आणि ऐन मे महिन्यात गळ्यात मफलर. समोर लोखंडी कपाटात लुकलुकणारा सर्व्हर, बस्स.

"चप्पल," माझ्याकडे न बघताच ते म्हणाले.

मी मुकाट्यानं चप्पल बाहेर काढली.

"गाव कुठलं?"

"पाली. बीडजवळची."

"धरणापाशी राहता, मंग आवाज मोठा असंल. इथं मोठ्यानं बोलायचा हक फकस्त माजा हाय, ध्यानात ठिवा."

त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी ‘पालीकरीण’ झाले. रागात असले की ‘बाई’ म्हणायचे आणि चिडवायचं असलं की ‘म्याडम’. माझं खरं नाव त्यांना माहीत होतं की नाही, देव जाणे.

त्यांचं नाव रोहिदास. पण आमच्या बीड जिल्ह्यात वयानं, मानानं मोठ्या माणसाला बप्पा म्हणतात, आणि कारखान्यात बप्पा म्हटलं की हेच. राहणारे नांदूरघाटकडचे. घरात शेळ्यामेंढ्या पिढीजात. हे टाइम ऑफिसात कारकून म्हणून चिकटले आणि कारखान्यात पहिला कम्प्युटर आला तेव्हा बाकीचे कारकून त्याला हात लावायला घाबरले, म्हणून यांच्या गळ्यात पडला. मग जे काय शिकले ते स्वतःच. आणि ते कुणाला विसरूही द्यायचे नाहीत! "बीडपासून परळीपत्तोर माज्यासारखा माणूस दावा," असं ते आठवड्यातून एकदा तरी म्हणायचेच. नम्रपणा नावाची गोष्ट त्यांच्या अंगाला शिवली नव्हती. मला तेच आवडायचं.

अडचण आली की खिशातून कंगवा निघायचा. डोक्यावर केस म्हणावेत असे फार नव्हतेच, पण जे होते ते ते फार मन लावून विंचरायचे. कंगवा एकदा फिरला तर किरकोळ बिघाड. फिरतच राहिला तर आम्ही चहा मागवायचो, म्हणजे आता बराच वेळ जाणार.

आता त्या खोलीचं सांगते. अख्ख्या कारखान्यात एसी दोनच ठिकाणी, एमडी साहेबांच्या केबिनला आणि सर्व्हरच्या खोलीला. साहेबांच्या केबिनीत कोण जाणार? मग उन्हाळ्यात दुपारी ज्याला त्याला आमच्याकडे काम निघायचं. एक जण तर, साहेबांचा मेहुणा, जेवण करून यायचा तो थेट खुर्ची मागे टेकवून घोरायचाच. त्याला उठवायची कुणाची हिंमत? बप्पांनी काही दिवस सोसलं. मग एके दुपारी ते तोंडाला रुमाल बांधून बसले. मेहुण्यानं डोळे उघडून विचारलं, "काय झालं बप्पा?"

"काई न्हाई. झोपा तुमी."

"पण रुमाल कावून बांधलाय?"

"सर्व्हरची हवा सुटलीय जराशी. तुमाला काई होत न्हाई. निसते केस जातात." आणि त्यांनी शांतपणे आपल्या टकलावरून हात फिरवला.

मेहुणा परत कधी आला नाही. पुढे महिनाभर तो लांबून जाताना डोक्यावर टोपी घालून जायचा. मी हसून हसून खुर्चीतून पडायची बाकी राहिले. बप्पा मात्र हसले नाहीत. म्हणाले, "हसू नका म्याडम, मफलर का घालतो मी? तुमाला वाटतं थंडी वाजती?" आणि खरं सांगते, त्या संध्याकाळी घरी जाऊन मी आरशात केस बघितले. असला माणूस!

पण त्यांच्या सगळ्या खोड्यांत एक जागा अशी होती, की तिथं खोडी चालायची नाही. ती जागा म्हणजे काटा.

उसाच्या कारखान्यात वजनकाटा म्हणजे काय, हे आमच्या भागात लहान पोरालाही कळतं. जमिनीत बसवलेला लोखंडी फलाट, त्यावर उसाची भरलेली बैलगाडी नाहीतर ट्रॉली येऊन उभी राहते, वर पाटीवर लाल आकडे दिसतात आणि शेतकरी त्या आकड्यांकडे बघतो. त्याच्या वर्षभराच्या कष्टाचा निकाल तिथं लागतो. आमची सर्व्हरची खोली काट्याच्या केबिनीला चिकटूनच होती, मधे फक्त एक काच. काट्याकडून एक वायर सर्व्हरला यायची आणि बप्पांनी स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम तिच्यातून वजन उचलायचा.

पूर्वी एकदा, मी येण्याच्या आधीची गोष्ट, ती वायर उंदरानं कुरतडली. प्रोग्रॅमला कळलंच नाही. तो आपला शेवटचंच वजन सगळ्यांच्या नावावर टाकत राहिला. भरलेली गाडी आली, तेवढंच वजन. ऊस रिकामा करून गाडी परत आली, तरी तेवढंच! लोक खवळले. खवळणारच. काटा मारतात, म्हणजे वजन कमी दाखवतात, असा आधीच सगळ्यांचा संशय, त्यात हे. कुणी तरी केबिनीची काच फोडली. बप्पा स्वतः बाहेर गेले आणि काट्यावर मधोमध जाऊन उभे राहिले. "कुणी काटा मारला न्हाई. चूक माजी हाय. मी अडाण्यावानी प्रोग्रॅम लिवलाय. मारायचं तर मला मारा." कुणी मारलं नाही. एका म्हाताऱ्यानं फक्त एवढं म्हटलं, "बप्पा, तुज्यावर भरवसा हुता." बप्पा मला म्हणाले होते, "पालीकरीण, मार परवडला असता."

त्यानंतर त्यांनी प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली. प्रोग्रॅम नव्यानं बसवताना आणि पुढे दर वजनालाही त्यानं आधी काट्याला विचारायचं, बाबा, तू आहेस का? आणि काट्यानं खरंखुरं वजन दाखवून हो म्हटल्याशिवाय पुढं पाऊल टाकायचं नाही. नुसतं शून्य चालायचं नाही. "शून्य तर तुटलेली वायर बी सांगती," ते म्हणायचे. फलाटावर काही तरी असलं पाहिजे, आकडा स्थिर असला पाहिजे, तरच पुढे.

आता मुख्य गोष्टीकडे येते. तिच्यासाठी थोडं समजून घ्या. सर्व्हरवर पुष्कळ सॉफ्टवेअरं असतात. एकाला दुसरं लागतं, दुसऱ्याला तिसरं. ती सगळी आणायची, बसवायची, एकमेकांशी जमवून द्यायची, हे काम करणारं एक सॉफ्टवेअर असतं, त्याला पॅकेज मॅनेजर म्हणतात. बप्पा त्याला ‘कारभारी’ म्हणायचे. या कारभाऱ्याचा एक स्वभाव. एखाद्याचं बसवणं अर्धवट राहिलं, की ते पुरं होईपर्यंत तो बाकी कुणालाच हलू देत नाही. बप्पा मला सांगायचे, "लग्नातल्यावानी हाय. मामा आल्याबिगर पोरगी भायेर येत न्हाई. वऱ्हाड किती का खोळंबंना."

एका साली दसऱ्याच्या आधी एमडी साहेबांनी पुण्याहून एका कंपनीचा इंजिनियर आणला, निनाद नावाचा. साहेबांच्या मनात कम्प्युटरचं सगळं काम कंपनीकडे द्यायचं होतं. निनाद वाईट नव्हता, उलट चांगलाच हुशार आणि गरीब स्वभावाचा होता. पण त्यानं येताच बप्पांना विचारलं, "सर, हा सर्व्हर शेवटचा अपडेट कधी केला होता?"

बप्पांना ते लागलं. आपल्या म्हशीला धुतली का म्हणून परक्यानं विचारावं तसं! दुसऱ्या दिवशी सकाळी ते सगळ्यांच्या आधी आले आणि कारभाऱ्याला हुकूम सोडला, सगळं एकदम नवं करून टाक. आता बघू हा पोरगा काय बोलतो ते.

आणि नेमकं ते विसरले, की आज खंडेनवमी.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची, अवजारांची पूजा. कारखान्यात तर सगळ्या मशिनी पुसून, बंद करून, हळदकुंकू वाहून, हार घालून ठेवायच्या. त्या दिवशी हत्याराला कामाला लावायचं नाही. आमच्याकडे हा नियम इतका कडक पाळला जायचा तो बप्पांमुळेच. काट्यावरचा क्लार्क गंगाधर, सरळ आणि भोळा माणूस, त्याला तर बप्पांनी अगदी घोटून शिकवलेलं. तो मुहूर्तावर ताट घेऊन आला, दरवर्षीप्रमाणे आमच्या भागाचा मेन स्विच खाली ओढला, काट्याला हार घातला, सर्व्हरच्या कपाटाला नारळ दाखवला, कीबोर्डवर हळदकुंकू वाहिलं. वीज गेली तर सर्व्हर चालू ठेवणाऱ्या बॅटऱ्या तर पूजेसाठी आधीच काढून, पुसून, ओळीनं मांडलेल्या. बप्पा तेव्हा निनादला कॅन्टीनमध्ये नेऊन आपला पराक्रम सांगत होते.

अपडेट मधोमध तुटलं.

दुपारी बप्पा परत आले, कपाटावर हार बघितला आणि जागच्या जागी उभे राहिले. मग कंगवा काढला.

"पालीकरीण, चालू करून बघ गं."

"मी? आज? आणि तुम्ही?"

"मला आज हत्याराला हात लावायचा न्हाई."

"आणि मी लावलेला चालतो?"

"तुजी पूजा परवा सरस्वतीची झाली न्हाई का? तुजं हत्यार पेन. ह्ये हत्यार माजं हाय. तू लाव हात. पाप लागलंच तर निम्मं निम्मं करू."

ते उंबऱ्याच्या बाहेर खुर्ची टाकून बसले आणि तिथून हुकूम सोडू लागले. मी आत, कुंकवानं माखलेला कीबोर्ड. निनाद माझ्या शेजारी. सर्व्हर सुरू झाला खरा, पण काट्याचा प्रोग्रॅम उठेना. कारभारी म्हणत होता, मागचं काम अर्धवट राहिलंय, आधी ते पुरं करा. पुरं करायला सांगितलं, की थोडं पुढं जायचा आणि एका जागी येऊन बसायचा. पुन्हा सांगितलं, पुन्हा तिथंच. बाहेरून बप्पांच्या शिव्या. "काय बे, इतकं मीठ खाल्लंस माजं, आन आज इमान सोडलंस?"

निनादनंच शोधून काढलं. तो पडद्यावर वाकून बघत होता, मग हळूच म्हणाला, "सर, हे तुमच्याच पॅकेजवर अडकतंय. काट्याच्या. तुमची ही ओळ काट्याकडून उत्तर मागतेय आणि काटा बंद आहे. म्हणून ते अर्धवट, आणि ते अर्धवट म्हणून बाकीची सगळी अडलीयेत."

म्हणजे मामा आले नव्हते, आणि मामा खुद्द बप्पांनी नेमलेले होते.

"एक मिनिटाचं काम आहे सर," निनाद म्हणाला, "ही ओळ काढून टाकू. सगळं सुरळीत होईल."

"ओळ काढायची न्हाई," बप्पा म्हणाले.

तेवढ्यात एमडी साहेब आले. त्यांना कुणी तरी कळवलंच होतं. दसऱ्याला सकाळी चेअरमन साहेब येणार, बॉयलर पेटणार, उसाची पहिली गाडी वाजतगाजत काट्यावर येणार, फोटो निघणार. मानाच्या पहिल्या वजनासाठी गाड्या आजच येऊन आवारात सुटल्या होत्या. आणि काट्यानं उद्या सकाळी हो म्हणेपर्यंत थांबावं म्हटलं, तर त्यानंतर उरलेलं सगळं बसायला दोन-तीन तास लागणार. मुहूर्त तोवर थांबणार होता थोडाच!

"बप्पा, ती ओळ काढा," साहेब म्हणाले.

"साहेब, आज काढली तर परत कोण घालणार?"

"मला ते ऐकायचं नाही. उद्या मुहूर्ताला काटा चालला नाही, तर हे सगळं कंपनीकडे. मग ते त्यांच्या पद्धतीनं करतील. आणि तुम्ही उद्यापासून स्टोअरला, पोती मोजायला."

साहेब गेले. बप्पांचा कंगवा फिरत राहिला. मी चहा मागवला नाही, कारण मला रडू येत होतं आणि त्याचा रागही येत होता. मी म्हटलं, "बप्पा, काढू या ना. तुम्ही स्टोअरला गेलात तर ती ओळ तशीही जाणारच आहे."

"बाई," ते म्हणाले. बाई म्हणजे राग. "उद्या काटा खोटं बोलला तर लोक काच फोडतील, आन भायेर जाऊन हुबं राह्यला मी नसंल. तू राहशील का?"

ते उठले आणि काट्याच्या केबिनीकडे गेले.

"गंगाधर, काटा चालू कर."

गंगाधरनं कानाला हात लावले. "बप्पा! आज खंडेनवमी हाय."

"मला म्हाईत न्हाई व्हय?"

"तुमीच शिकिवलंय, आज हत्यार कामाला लावलं तर वरीसभर दगा देतं. मागल्या साली मी निसता पान्हा उचलला तर तुमी मला काट्याला परदक्षिणा घालाया लावल्या. पाय सुजले माजे!"

बप्पांनी पढवलेला पोपट आता बप्पांनाच चावत होता. काचेतून निनाद आणि मी बघत होतो. बप्पांनी काट्यावरचा झेंडूचा हार बघितला, लिंबू बघितलं, कंगवा खिशात ठेवला आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर ते मेहुण्याच्या दुपारचं रूप आलं. मी निनादला म्हटलं, "आता बघ."

"गंगाधर, पूजा केलीस ना?"

"केली की."

"नमस्कार?"

"त्योबी केला."

"कवा? काटा बंद केल्यावर?"

"हां."

"आरं येड्या, मंग पोचला का त्यो? दार लावलेल्या देवळाम्होरं हात जोडले, तर देवाला कळणार कसं कोण आलतं? काट्याला डोळे कुठं असतात? त्याला वजनच कळतं. चालू असल्याबिगर तुजा नमस्कार त्याला कसा मिळंल?"

गंगाधरचा चेहरा पडला. "म्हंजे… इतकी वर्षं पोचलाच न्हाई?"

"एकबी न्हाई."

"आता वो?"

"आता काय, चालू कर. वजन करायचं न्हाई, कामाला लावायचं न्हाई. निसतं जागं करायचं, नमस्कार घालायचा, परत झोपवायचं. ह्यात काम कुठं आलं?"

गंगाधरनं बटण दाबलं. वरच्या पाटीवर लाल शून्य उमटलं. बप्पांनी मफलर काढून माझ्याकडे काचेतून बोट दाखवलं, म्हणजे तयार राहा. आणि तो पांढराशुभ्र माणूस, जिथं एरवी भरलेल्या ट्रॉल्या उभ्या राहतात त्या एवढ्या थोरल्या लोखंडी फलाटावर मधोमध गेला आणि त्यानं साष्टांग नमस्कार घातला.

पाटीवर आकडा आला, साठ.

"लाव!" बप्पा जमिनीला तोंड लावूनच ओरडले. मी कारभाऱ्याला हुकूम सोडला. प्रोग्रॅमनं काट्याला विचारलं. पण आकडा स्थिर हवा ना! आणि बप्पा म्हणजे बोलल्याशिवाय राहणार नाहीत. "झालं का?" म्हणून मान वर केली, ढोपरावर जोर दिला, की आकडा साठाचा सत्तर. आमच्या काट्याला दहा किलोच्या खालचं काही कळत नाही, पण हा गृहस्थ त्याच्याही डोक्याला ताप देत होता. निनाद काचेवर हात आपटत ओरडला, "सर, हलू नका! प्लीज हलू नका!"

"मुंगी चावली बे!"

"चावू द्या!"

त्यात आवारातल्या गाडीवानांनी हे पाहिलं. बप्पा काट्यावर पालथे पडलेले पाहून त्यांना वाटलं, यंदा काही तरी नवीन विधी निघालाय. एक आला, टोपी काढली, बप्पांच्या मागे आडवा होऊ लागला. पाठोपाठ दुसरा. गंगाधर धावत सुटला, "ओ पाव्हणं, एकेकानं! एकेकानं! रांगेत!" त्यानं दोन्ही हात पसरून सगळ्यांना फलाटाच्या बाहेर रोखलं. बप्पा तसेच पडून. मी नजर पडद्यावर ठेवलेली. साठ. साठ. साठ. आणि मग कारभारी हलला. काट्याचं बसलं, त्याच्यामागचं बसलं, त्याच्यामागचं सुरू झालं. वऱ्हाड निघालं एकदाचं!

"हो म्हणला!" मी ओरडले. "बप्पा, हो म्हणला!"

बप्पा उठले, कपडे झटकले, कंगवा काढून केस विंचरले आणि रांगेतल्या पहिल्या गाडीवानाला म्हणाले, "या. घ्या उरकून. देव जागा हाय."

दुसऱ्या दिवशी चेअरमन साहेबांचे फोटो झक्क निघाले. पहिल्या गाडीचं वजन बरोबर निघालं आणि बप्पा स्टोअरला गेले नाहीत. ती ओळ जिथल्या तिथं राहिली. एमडी साहेबांना विधीचं काय ते कळलं नाही, कळलं असतं तरी चारचौघांत काय बोलणार होते? आणि गंमत अशी, की तेव्हापासून आमच्याकडे ती रीतच पडली. दर खंडेनवमीला काटा चालू करतात, लोक रांगेनं येतात, साष्टांग नमस्कार घालतात आणि उठता उठता शेजाऱ्याला हळूच विचारतात, "किती आलं रे?"

बप्पा निवृत्त झाले तेव्हा शाल, नारळ, साहेबांचं लांबलचक भाषण, सगळं झालं. बप्पांना बोला म्हटलं तर म्हणाले, "बोलत न्हाई. मला काट्यावर घ्या." सगळी सभा उठून काट्यापाशी आली. बप्पा फलाटावर उभे राहिले. साठ.

"नोकरीला लागलो तवा साठ किलू व्हतो. आज चाललो, साठ. कारखान्याचं काई अंगाला लागू दिलं न्हाई. आता आपला काटा दहा किलूच्या खालचं धरत न्हाई, तवा तेवढं हिकडं-तिकडं झालं असंल तर माफी असावी." मग खाली उतरून, हात जोडून, अगदी अदबीनं म्हणाले, "या साहेब. आता तुमी."

साहेबांना नेमका फोन आला. वाजलेला मात्र कुणी ऐकला नाही.

पुढे साहेबांनी आपलं म्हणणं खरं केलं, काम कंपनीकडे गेलंच. नवा सर्व्हर बसवायला निनादच आला. जाताना मला म्हणाला, "मॅडम, ती ओळ तशीच ठेवलीये. वर लिहून ठेवलंय, काढू नये, शंका असल्यास नांदूरघाटला जाऊन विचारावं." मी त्याला पोटभर जेवू घातलं त्या दिवशी.

बप्पा दर खंडेनवमीला यायचे. गेल्या वेळी पुतण्याच्या मोटारसायकलवर मागं बसून आले. गळ्यात मफलर होता, म्हणून मला आधी काही वेगळं वाटलं नाही. मग ते उतरले आणि दिसलं की शर्ट अंगावर नुसता अडकवल्यासारखा झालाय. बोलणं मात्र तेच. "काय पालीकरीण, कारभारी नीट वागतो ना? का झिंज्या धरू त्याच्या?" लोकांनी त्यांना रांगेत पुढं घेतलं. मी काचेच्या आत माझ्या जागेवर. बप्पा सावकाश गुडघ्यावर बसले, मग आडवे झाले.

पाटीवर आकडा आला, चाळीस.

रांगेतले सगळे वर बघत होते. फक्त बप्पांचं तोंड फलाटाकडे होतं.

"किती गं?" त्यांनी विचारलं.

मी खिडकीतून म्हटलं, "साठ, बप्पा."

ते तसेच पडून राहिले. मग आकडा हलायला लागला, चाळीस, पन्नास, परत चाळीस. त्यांचे खांदे हलत होते. ते हसत होते.

"पालीकरीण," ते म्हणाले, "ती ओळ माज्यासाठी काढलीस व्हय?"

गंगाधर माझ्याकडे बघत होता. रांग माझ्याकडे बघत होती. त्या क्षणी मला त्या काट्याचा इतका राग आला, की कुऱ्हाड असती तर घातली असती.

"नाही बप्पा," मी म्हटलं. "चाळीस आहे."

"हां," ते समाधानानं म्हणाले. "मंग काटा ठीक हाय."

गंगाधरनं त्यांना हात देऊन उठवलं. त्यांनी गुडघे झटकले, खिशातून कंगवा काढला, उरले होते ते केस नीट बसवले आणि मागच्या माणसाला म्हणाले, "चला, कोण हाय पुढं? येळ लावू नगा." मग मोटारसायकलवर बसले. फाटकातून बाहेर पडताना मागं न बघता हात वर केला.

मी पाटीकडे पाहिलं. काटा शून्यावर आला होता, आणि पुढचा माणूस टोपी काढून फलाटावर चढत होता.